गहाणखत आणि धुण्याचे बिल

थोरोच्या ‘वॉल्डन’मधले पहिले प्रकरण सर्वांत लांब आहे आणि ते तळ्याविषयी नाही. ते खर्चाविषयी आहे. फळ्या किती, खिळे किती, चुना किती, असे सारे मांडून तो झोपडीची किंमत काढतो: २८ डॉलर साडेबारा सेंट. दुर्गाबाई भागवतांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने हे पुस्तक मराठीत आणले. त्यामुळे तळे, पक्षी, एकांत हे आपल्या वाचकाच्या ओळखीचे झाले. हिशेबाची पाने मात्र आपण बहुधा भराभर उलटतो. प्रस्तुत लेखाचा विषय ती पाने आणि त्यांतून निघालेला एक संपूर्ण लेखनप्रकार हा आहे.

१८५४ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात थोरो आपल्या कॉन्कर्ड गावच्या शेतकऱ्यांची चौकशी करतो. ज्यांच्या जमिनीवर कसलाही बोजा नाही असे मालक गावात किती, हे तो करआकारणी करणाऱ्यांना विचारतो, तर त्यांना डझनभर नावेही चटकन सांगता येत नाहीत. वीस, तीस, चाळीस वर्षे राबून माणसे गहाण सोडवत बसलेली असतात. गावातल्या सर्वसाधारण घराची किंमत तो ८०० डॉलर धरतो आणि मजुराच्या आयुष्याची दहा ते पंधरा वर्षे त्यात जातात असे दाखवतो. किंमत पैशात न मोजता आयुष्यात मोजायची, ही युक्ती त्याची. पुढच्या दीडशे वर्षांत ती अनेकांनी उचलली.

अमेरिकेत ‘फायर’ या आद्याक्षरी नावाने जी चळवळ आज ओळखली जाते, तिचे सांगणे एका ओळीत मावते: खर्च निम्म्याहून खाली आणा, घराचे कर्ज मुदतीआधी फेडा, उरलेले गुंतवा आणि चाळिशीच्या आसपास नोकरी सोडा. या विषयावरची पुस्तके अर्थविषयक म्हणून विकली जातात आणि तशीच वाचली जातात. मला ती वाङ्मय म्हणून वाचावीशी वाटतात, कारण त्यांना कथानक आहे, नायक आहे आणि खलनायकही आहे. खलनायक अर्थातच हप्ता.

त्याचे खलत्व समजून घ्यायला थोडे गणित हवे. १९३४मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन स्थापन झाले आणि लांब मुदतीचे, दरमहा समान हप्त्याचे गृहकर्ज तिकडे रूढ होत गेले. एक लाख डॉलर, ८ टक्के व्याज, ३० वर्षे, असे कर्ज धरा. हप्ता येतो सुमारे ७३४ डॉलर. पहिल्या महिन्यात त्यातले ६६७ व्याजात जातात आणि मुद्दल फिटते अवघे ६७. तीस वर्षांत भरणा होतो २ लाख ६४ हजारांच्या वर. आता दरमहा १०० डॉलर जादा भरले, तर हेच कर्ज सुमारे २० वर्षांत संपते. दरमहा शंभराची काटकसर आणि बदल्यात दहा वर्षांची सुटका! या एका आकडेमोडीत अशी नाट्यमयता आहे की लेखकाला वेगळे काही रचावे लागत नाही. आपल्याकडे वीस वर्षांच्या हप्त्यावर सदनिका घेतलेल्या कुणालाही हे तपशील परके वाटणार नाहीत.

या परंपरेतले मध्यवर्ती पुस्तक म्हणजे १९९२ साली आलेले ज्यो डोमिंगेझ आणि व्हिकी रॉबिन यांचे ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’. डोमिंगेझ वॉल स्ट्रीटवर विश्लेषक होता आणि तिशी ओलांडताच त्याने नोकरी सोडली. पैसा म्हणजे जीवनऊर्जा, हा या पुस्तकाचा गाभा. पगारातून प्रवास, कपडे, शिणवटा घालवण्यासाठीचे खर्च वजा करायचे, कामाच्या तासांत येण्याजाण्याचे तास मिळवायचे आणि मग आपला खरा ताशी दर काढायचा. पुढे भिंतीवर एक आलेख लावायचा. खर्चाची रेषा खाली येत जाते, व्याजाच्या उत्पन्नाची रेषा वर चढत जाते आणि ज्या दिवशी त्या एकमेकींना छेदतात त्या दिवशी माणूस मोकळा.

हा आलेखच पुस्तकाचे कथानक आहे. त्याला आरंभ आहे, चढण आहे, उत्कर्षबिंदू आहे. उत्तरार्ध मात्र नाही. या प्रकारच्या लेखनातले मूळ न्यून तेच, असे मला वाटते. पापी, साक्षात्कार, तप, मुक्ती, अशी ही रचना धर्मांतराच्या आत्मकथनांची आहे. फरक इतकाच की संत मुक्तीनंतरही बोलत राहतात, आणि इथे रेषा छेदल्या की निवेदन घाईला येते. जेकब लुंड फिस्कर या भौतिकशास्त्रज्ञाच्या ‘अर्ली रिटायरमेंट एक्स्ट्रीम’ (२०१०) या पुस्तकाने ही उणीव ओळखली आहे. एकाच कौशल्यावर जगणाऱ्या पगारदाराऐवजी अनेक हुन्नर असलेला माणूस तो पुढे ठेवतो. विचार मोलाचा, पण गद्य प्रयोगशाळेतल्या टिपणासारखे कोरडे आहे.

गद्याच्या कसोटीवर या सर्वांत उजवी ठरते ती एमी डेसिझिन. मेन राज्यातल्या खेड्यातून तिने जून १९९० ते डिसेंबर १९९६ ‘द टाइटवॉड गॅझेट’ हे मासिकपत्र चालवले. टाइटवॉड म्हणजे कवडीचुंबक. ही शिवीच तिने नाव म्हणून घेतली. नवरा नौदलात, मुले सहा, वर्षाचे उत्पन्न सरासरी ३० हजार डॉलरांच्या आत, आणि तरीही सात वर्षांत ४९ हजारांची शिल्लक. व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी रिकामी करून पुन्हा वापरण्यापर्यंत तिची मजल जाते. ती उपदेश फारसा करत नाही, हिशेब करते. आणि हिशेबात विनोद आणते. अमुक एक गोष्ट घरी केल्याने तासाला किती सुटले हे ती काढते, आणि दर फारच कमी आला तर ते काम सोडून द्या असेही सांगते. काटकसरीचे श्रम हे श्रमच आहेत आणि त्यांनाही दर आहे, ही जाण तिच्या पानापानांत आहे.

इथे पुन्हा थोरोकडे जावे लागते. आठ महिन्यांच्या अन्नाचा खर्च ८ डॉलर ७४ सेंट, असे तो काटेकोर लिहितो. मात्र त्याच हिशेबात एका ठिकाणी धुणे आणि कपड्यांची दुरुस्ती बहुतांशी बाहेर झाली, त्यांची बिले अजून आलेली नाहीत, असे म्हणून तो पुढे सरकतो. ती पुस्तकात शेवटपर्यंत येत नाहीत. झोपडीची जागा मित्र इमर्सनची. फळ्या एका आयरिश रेल्वेमजुराच्या खोपटाच्या, सव्वाचार डॉलरला घेतलेल्या. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब सारा संसार एका गाठोड्यात बांधून रस्त्याने चाललेले त्याला भेटते. मांजर तेवढे मागे राहते, रानटी होते आणि सापळ्यात मरते. हे सारे थोरोनेच लिहिले आहे, लपवलेले नाही. पण २८ डॉलर साडेबारा सेंटांत ते धरलेले नाही.

स्वस्ताईचा एक भाग नेहमी दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. डोमिंगेझ-रॉबिन यांचा खरा ताशी दर पगारी माणसाचा आहे. घरात जी कणीक मळते, जुन्या साड्यांची गोधडी शिवते, वाणसामान महिनाअखेर पुरवते, तिचा दर त्या तक्त्यात बसत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको. पैशाविषयी बेफिकीर असणारा विरक्त पुरुष आणि त्याच्या विरक्तीचा रोजचा जमाखर्च जुळवणारी स्त्री, हे त्या पुस्तकातले चित्र थोरोच्या न आलेल्या बिलाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. डेसिझिनचे वेगळेपण हेच की तिच्याकडे बिल लिहिणारी आणि काम करणारी व्यक्ती एकच आहे.

दुसरा प्रश्न व्याजाचा. फेडणारा माणूस हप्त्याला बेडी म्हणतो, मुक्त झाल्यावर मात्र तोच व्याजावर जगतो. डोमिंगेझने सरकारी रोखे सुचवले होते. १९८१च्या सुमारास अमेरिकेच्या तीस वर्षांच्या रोख्यावर १४ टक्क्यांहून अधिक व्याज मिळे. २०२०मध्ये ते २ टक्क्यांखाली उतरले, म्हणजे सातपट भांडवल असल्याशिवाय तेवढेच उत्पन्न नाही. २०१८च्या आवृत्तीत गुंतवणुकीचा भाग नव्याने लिहावा लागला आणि इंडेक्स फंड आले. हत्यार बदलले, नाते तेच राहिले: माझी सुटी कुणाच्या तरी भरण्यावर, कुणाच्या तरी कामावर चालते. यात अनीती आहे असे मी म्हणत नाही. निवृत्तिवेतनही असेच चालते. पण ज्या पुस्तकाने प्रत्येक डॉलरमागे आयुष्याचा किती तुकडा आहे हे विचारायला शिकवले, त्याने व्याजाच्या डॉलरमागचा तुकडा कुणाचा, हे विचारू नये, ही टीकाकाराला खटकणारी गोष्ट आहे.

अमेरिकेत शेवटचा हप्ता भरल्यावर गहाणखत समारंभाने जाळण्याची एक रीत होती; चर्चची कर्जे फिटली तरी असा कार्यक्रम होई. आपल्याकडे कागद दोन निराळ्या प्रकारे नष्ट झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खते ओढून काढून जाळली. तिथे काही फिटलेले नव्हते, फिटणारही नव्हते. आणि देहूची परंपरा सांगते की तुकोबांनी घराण्याच्या महाजनकीतली आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, भावाच्या वाट्याची त्याला देऊन. कर्ज बुडवणारा तिथे घेणेकरी स्वतः आहे. ‘फायर’च्या साहित्यात हे तिसरे दृश्य कुठेच नाही. असायला हवे होते असेही नाही, पण मुक्ती हा शब्द इतक्या सहजपणे वापरणाऱ्या पुस्तकांशेजारी ते आठवते खरे.

या साऱ्यांचा प्रतिवाद अमेरिकेनेच आधी लिहून ठेवला आहे. आर्थर मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) या नाटकात विली लोमन घराचे हप्ते फेडत म्हातारा होतो. हप्त्यावरचा फ्रिज फिटण्याआधीच बिघडतो. शेवटी विम्याचे पैसे घरच्यांना मिळावेत म्हणून तो मरण पत्करतो, आणि थडग्यापाशी बायको त्याला सांगते की घराचा अखेरचा हप्ता आज भरला, पण आता घरी राहणारे कुणी नाही. डोमिंगेझच्या आलेखातला छेदबिंदू इथेही आहे. फक्त नायक तिथे पोचायला उशीर करतो. काटकसरीची पुस्तके वाचकाला लोमन होण्यापासून वाचवू पाहतात, आणि त्यांची खरी ताकद तिथेच आहे. मिलरकडे मात्र रेषा जुळल्यानंतरचे एक पान आहे, आणि ते लिहायला त्याने लिंडाला उभे केले, जिने सबंध नाटकभर मोजे रफू केले.

डेसिझिनने १९९६च्या अखेरीस मासिकपत्र बंद केले. ते खपत होते, बंद करायला कुणी सांगितले नव्हते. घरापुरते मिळवून झाले होते.