ट्रायलला या

बुटीक जोखायचं असेल तर शोकेसकडे पाहू नये. काचेमागच्या पुतळ्याला पोट नसतं, त्याचा एक खांदा उतरलेला नसतो आणि सकाळच्या विरार लोकलमध्ये वरची कडी धरून त्याला उभं राहावं लागत नाही. त्याला काहीही घाला, शोभतं. आपण आत जावं, शिवून तयार असलेला एखादा ब्लाउज मागावा आणि सरळ उलटा करावा. अस्तर सुती आहे, की घाम न टिपणारं काहीतरी चकचकीत लावून दिलंय? मुंढ्याची कड इंटरलॉक केली आहे का? बाजूच्या शिवणीत बोटभर माया सोडली आहे, की कापड वाचवायला काठावरूनच टीप मारली आहे? टक्सची टोकं कापडात विरून जातात, की टोचल्यासारखी उभी राहतात? वसई-विरारच्या बुटिकांचं मला जे कौतुक आहे ते या उलट्या बाजूचं. सुलट बाजू बहुतेक वेळा सुरतेहून आलेली असते, आणि ती बोरिवलीतही तीच दिसते.

बोटभर माया ही गोष्ट क्षुल्लक नाही. लग्नात शिवलेला ब्लाउज बाई पहिल्या बाळंतपणानंतर पुन्हा काढते, तेव्हा त्या शिवणीची एक टीप उसवली की ब्लाउज अंगात बसतो. म्हणजे शिवणाऱ्याने आजच्या मापाबरोबर दोन-चार वर्षांनंतरचंही माप धरलेलं असतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात हे परवडत नाही. तिथे हजारो नगांवर अर्धा अर्धा इंच वाचवायचा असतो.

आता हे कपडे शिवले जातात त्या रस्त्याकडे पाहू. जुन्या वसईचा बाजार गावात होता. पारनाका, झेंडा बाजार, होळी आणि थोडं अलीकडे पापडी, जिथला आठवड्याचा बाजार शुक्रवारचा. रेल्वे मात्र गावापासून काही किलोमीटरवरून गेली. विरारहून मुंबईची पहिली लोकल सुटली १८६७ साली, पण तिने बाजार लगेच आपल्याकडे ओढला नाही. शेतं, वाड्या आणि मिठागरं यांच्यामधून टांग्याने, पुढे एसटीने माणसं स्टेशनावर यायची ती गाडी पकडायला. नंतर इमारती उठल्या, माणिकपूर आणि नवघर भरून गेलं, २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांवर मोजली गेली. बाजाराचं पारडं स्टेशनाकडे झुकलं: अंबाडी रोड, आनंद नगर, स्टेला. तरीही लग्नाचा बस्ता बांधायचा तो दादरला हिंदमाताला, गाऊन पाहायचा तो वांद्र्याला, असंच कितीतरी वर्षं चालत होतं. वसईत मिळायची ती फॉल-बिडिंग आणि परकराचं कापड.

अंबाडी रोडवर गेल्या काही वर्षांत बुटिकांचे गाळे ज्या संख्येने उघडले, ते पाहून कोणी म्हणेल की ही नव्या पैशाची चैन आहे. मला तसं वाटत नाही. या दुकानांनी बाजारात एक जुनी गोष्ट परत आणली: गिऱ्हाईकाची दुसरी फेरी. मॉलमध्ये आपण एकदा जातो, पिशवी घेऊन बाहेर पडतो, संपलं. ऑनलाइन मागवलं तर तेवढंही नाही. बुटिकात मात्र पहिल्यांदा कापड आणि माप द्यायला जायचं, मग ‘गुरुवारी ट्रायलला या’, आणि तिसऱ्यांदा घ्यायला. घ्यायला गेल्यावर बाहीचा घेर सैल निघतो, तेव्हा ‘बसा दहा मिनिटं, मारून देते’. त्या दहा मिनिटांत बाई समोर बांगड्या पाहते, सोबतची मुलगी वडापाव मागते, शेजारच्या दुकानातून मॅचिंग लेस निघते. एका ब्लाउजने रस्त्याला तीन फेऱ्या दिल्या. रस्त्याचं अर्थशास्त्र बरंचसं या तीन फेऱ्यांत आहे, आणि त्यातली निम्मी कमाई बुटिकाच्या गल्ल्यात पडत नाही, शेजाऱ्यांच्या पडते.

गंमत अशी की ज्या ऑनलाइन खरेदीने हे गाळे बंद पडतील असं म्हणत होते, तिनेच त्यांना गिऱ्हाईक दिलं. ‘एम’ म्हणून आलेला कुर्ता खांद्यात बसतो आणि कमरेत झुलतो. परत पाठवायचा कंटाळा. मग तो पिशवीत घालून आणला जातो: ‘जरा फिटिंग करून द्याल?’ अल्टरचं काम कोणत्याही शिवणाऱ्याला आवडत नाही, दुसऱ्याने बिघडवलेलं निस्तरायचं आणि वर पैसे कमी. पण हुशार दुकानदारीण ते नाकारत नाही. त्या निमित्ताने बाईचं माप वहीत चढतं.

ती वही हा या दुकानातला सर्वात मोलाचा ऐवज. लांब, कडेने फाटलेली, कापडाचे तुकडे टाचणीने टोचलेली. छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, पाठीच्या गळ्याची खोली. शेजारी गळ्याचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आणि खाली एखादी सूचना, जी आकड्यांत बसत नाही: डावा खांदा उतरता, हात वर केल्यावर ओढतं, सासूला खोल गळा नको. या शेवटच्या ओळीवर मी थांबलो होतो. माप बाईचं आणि मर्यादा सासूची, दोन्ही त्याच पानावर आणि दोन्ही सांभाळून कपडा उभा करायचा! बुटीकवालीने तोडगा काढला होता तो जाळीचा. गळा खोलच कापला आणि वर त्याच रंगाची जाळी बसवली.

वसईच्या बुटिकाला दुसऱ्या कुठल्याही उपनगरातल्या बुटिकापासून वेगळं काढतात ते दोन कपडे. पहिला म्हणजे लुगडं. कुपारी समाजातल्या, म्हणजे कादोडी बोलणाऱ्या सामवेदी ख्रिस्ती घरांतल्या आज्या नेसतात ते तांबडं, चौकड्यांचं सुती नऊवारी. रोज नेसणाऱ्या आता हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या उरल्या, पण कुपारी महोत्सवात किंवा घरच्या कार्यात नातींना ते हवं असतं, आणि नातींना नेसता येत नाही. म्हणून शिवलेलं लुगडं. शिवलेल्या नऊवारीला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही मुरडलं असतं, पण चौकड्याच्या कापडावर ते शिवून पाहावं म्हणजे कळतं. नेसलेल्या लुगड्यात कापड अखंड असतं, चौकडा आपोआप वळतो आणि घडी पडेल तिथे दडतो. शिवताना ते कापावं लागतं, आणि कापलं की प्रत्येक जोडावर रेघ रेघेला भेटलीच पाहिजे. निऱ्यांवर एक वेळ चुकलं तर झाकतं. काष्ट्यावर चुकलं तर बाई पाठमोरी झाली की चौकडा पायरी उतरल्यासारखा दिसतो. चांगला मास्टर काष्ट्याची पट्टी आधी बेततो, खडूने रेघा जुळवून घेतो आणि मगच बाकीच्याला कात्री लावतो. कापड थोडं जास्त लागतं. वाईट दुकानात याच्या उलट चालतं, शिवाय कमरेला रुंद इलॅस्टिक घालून पोटावर चुण्यांचा गठ्ठा जमवतात. चांगल्या ठिकाणी पुढे सपाट पट्टा, मागे हूक, आणि आतून मोबाईलपुरता खिसा. आजीच्या कनवटीची सोय नातीला अशी मिळाली.

दुसरा कपडा गाऊन. पांढरा, सॅटिनचा, वर नेट, आत कॅनकॅन, मागे लोळणारा ट्रेल. याची चित्रं मोबाईलवरून येतात आणि बहुतेक ती थंड देशातल्या नवरीची असतात. वसईत लग्नं नाताळानंतरच्या सुखद दिवसांत होतात तशी ईस्टर उलटल्यावरच्या उकाड्यातही होतात, तेव्हा चार थरांखाली सुती अस्तर घालायचं की नाही, यावर मुलीचा अख्खा दिवस अवलंबून असतो. गाऊनची पाठ पाहावी. चेन असेल तर काम सोपं केलं आहे. दोन्ही बाजूंना फासे घालून दोरी ओवलेली असेल तर शिवणाऱ्याला मुली ठाऊक आहेत असं समजावं, कारण ट्रायल आणि लग्न यांच्यामध्ये मुलगी हमखास बारीक होते. चेन ढिली पडते, दोरी आवळता येते. बाह्यांचंही तसंच. चर्चमध्ये वेदीसमोर उभं राहताना खांदे झाकलेले हवेत आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला तेच उघडे हवेत. नेटच्या बाह्या आतून बारीक हुकांनी अडकवायच्या आणि मधल्या वेळेत काढून ठेवायच्या. हूक बाहेरून दिसला तर पैसे फुकट गेले. तो न दिसणं हीच कारागिरी, आणि हे असं न दिसणारं काम अल्बममध्येही येत नाही, म्हणून त्याची तारीफ कोणी करत नाही.

या दोन कपड्यांमुळे इथल्या बुटिकाला दोन पंचांगं पाळावी लागतात. भिंतीवर कालनिर्णय असतं आणि त्यात दोन्ही सापडतात. गणपतीच्या आधी नऊवारी, मग नवरात्राचे वर्तमानपत्रांनी रुजवलेले नऊ रंग, दिवाळी, तुळशीचं लग्न झालं की हिंदू लग्नं, नाताळाचे फ्रॉक, जानेवारीची ख्रिस्ती लग्नं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चमधली लग्नं थांबतात, पण नेमका त्याच सुमारास गुढीपाडवा येतो. मग मुलींचे पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक आणि मे महिन्यात सगळ्यांचीच लग्नं. एका समाजाचं दुकान वर्षातले तीन-चार महिने माशा मारतं. दोन समाजांचं मारत नाही. बाजारातलं सहजीवन म्हणजे काय याची भाषणं ऐकण्यापेक्षा एकाच दांडीवर टांगलेला पैठणीच्या काठाचा ब्लाउज आणि कम्युनियनचा फ्रॉक पाहावा.

दुकानाचं घड्याळ मात्र रेल्वेचं. दुपारी शटर अर्धं खाली, संध्याकाळी सात ते साडेनऊ खरा धंदा. चर्चगेट-विरार गाड्या बायकांना उतरवतात आणि त्या घरी जाण्याआधी बाजारातून जातात. हातात भाजी, खांद्यावर डबा असलेली बॅग, आणि पडद्यामागे पाच मिनिटांची ट्रायल. दिवसभर दुसऱ्याच्या वेळेने वागलेल्या बाईला कोणीतरी आरशासमोर उभं करून ‘कसं वाटतंय, काचत नाही ना?’ असं विचारतं. या प्रश्नासाठीही बायका येत असाव्यात, असा माझा संशय आहे.

अशा ये-जा असलेल्या रस्त्यांचं मोल जेन जेकब्स यांनी ओळखलं होतं. १९६१ मध्ये अमेरिकन शहरांबद्दल लिहिताना त्यांनी म्हटलं होतं की वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांसाठी माणसं रस्त्यावर असली तर रस्ता जिवंत राहतो. त्याच अमेरिकेत व्हिक्टर ग्रूएन यांनी १९५६ मध्ये मिनियापोलिसजवळ साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उभारला, आणि पुढे मॉलची जी संतती निपजली तिचं पितृत्व त्यांनी व्हिएन्नाला परतल्यावर झटकलं. आपल्याकडे १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा बघ्यांची झुंबड होती. नाव बदलूनही ते ओस पडलं. पुण्याचा लक्ष्मी रोड मात्र गजबजलेलाच आहे, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला तो काही तास गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला जातो. अंबाडी रोडला असा एक दिवस मिळाला तर काय बहार येईल! आज तिथे शोकेसपुढे दोन पावलं मागे सरून पाहावं म्हटलं तर पाठीला स्कूटरचं हँडल लागतं. फुटपाथ आहे, पण तो स्कूटरींसाठी.

पाऊस हे दुसरं संकट. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार दिवसचे दिवस पाण्यात होतं, गाड्या बंद, वीज गायब. तळमजल्यावरच्या गाळ्यात कापड असणं म्हणजे काय ते अशा वेळी कळतं. कितीतरी दुकानांत खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामा ठेवतात आणि तागे माळ्यावर चढवतात. मे महिन्यात ओसंडणारी दुकानं जुलैत अर्धीच भरलेली दिसतात, त्यामागे मंदीइतकंच हेही कारण असतं.

आणि दोष? आहेत. मोबाईलवर कुठल्याशा नटीने घातलेला गळा दिसला की महिन्याभरात सगळ्या गल्लीत तोच. लटकनं एवढी जड की पाठीचा गळा खाली ओढला जातो. खडे चिकटवलेले, शिवलेले नाहीत. दुसऱ्या धुण्याला ते बादलीच्या तळाशी. भाव करण्याची रीतही विचित्र. मॉलमधल्या चिठ्ठीवरचा आकडा निमूट मोजणारी माणसं इथे शिलाईत पन्नास रुपये सोडवून घेतात. त्या पन्नासाचा चिमटा दुकानाला फार बसत नाही. तो हूक लावणाऱ्या, टिकल्या टाकणाऱ्या, नालासोपाऱ्याच्या चाळींत घरी बसून नगावर काम करणाऱ्या बायकांपर्यंत सरकत जातो.

बोर्डावर नाव असतं ते मालकिणीचं किंवा तिच्या मुलीचं, पुढे ‘डिझायनर’. बेतणारा मास्टर मागच्या खोलीत, पंख्याखाली उभा असतो. गिऱ्हाइकाला त्याचं नाव माहीत नसतं, पण त्याचा हात ओळखीचा असतो. तो पगारावरून बिनसून दोन गल्ल्या पलीकडे गेला, तर पहिल्या महिन्यात कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या महिन्यात जुन्या दुकानात मुंढा काचू लागतो, तिसऱ्यात बायका एकमेकींना विचारतात, ‘ते मास्टर कुठे असतात आता?’, आणि सणाच्या तोंडावर जुन्या दुकानातल्या वहीतलं आपलं पान मोबाईलवर फोटो काढून त्या नव्या पत्त्यावर घेऊन जातात.