‘महल’मधील भूत : एक पुनर्वाचन

कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) हा पछाडलेल्या वास्तूवरील हिंदी चित्रपटांचा आरंभबिंदू मानला जातो. मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजने निर्मिलेल्या या चित्रपटाविषयी सामान्यतः दोन विधाने केली जातात. जोसेफ विर्शिंग यांचे छायालेखन व खेमचंद प्रकाश यांचे संगीत यांतून साकारणारे वातावरण असाधारण आहे, हे पहिले. आणि शेवटी न्यायालयात भुताचा उलगडा झाल्याने ते वातावरण विरून जाते, हे दुसरे. पहिल्याविषयी दुमत नाही. दुसरे मात्र तपासून पाहावयास हवे.

ओसाड महालात नवा मालक हरिशंकर (अशोककुमार) राहावयास येतो. पूर्वीच्या मालकाची व त्याची वाट पाहत मेलेल्या कामिनीची कथा त्याला वृद्ध माळी सांगतो. भिंतीवरील तसबिरीतला चेहरा हरिशंकरचाच असतो, आणि रात्री त्याला कामिनी (मधुबाला) दिसू लागते. पुढे त्याची उपेक्षित पत्नी रंजना विष घेते, खुनाचा आळ त्याच्यावर येतो, आणि खटल्यात उघड होते की कामिनी म्हणजे माळ्याचीच मुलगी आशा.

तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुताची जी मीमांसा केली, तीनुसार वाचकाची दोलायमानता संपली की अद्भुतही संपते. त्या अर्थाने ‘महल’चे भूत न्यायालयात नाहीसे होते. तथापि हा उलगडा केवळ ‘कसे’ याचे उत्तर देतो. ‘का’ याचे उत्तर आशाच्या जबानीत आहे. वडिलांच्या तोंडून ही कथा ऐकतच ती वाढली, आणि त्या मृत प्रियकरावर मनोमन भाळली. ज्या वास्तूची राखण तिच्या घराने केली, तिच्यावर या घराचा कोणताही अधिकार नव्हता. माळ्याची मुलगी म्हणून ती मालकाच्या नजरेत भरलीच नसती. मृत स्वामिनी म्हणून मात्र तो तिच्यामागे वेडा होतो. मालकाच्या जगात शिरण्यासाठी तिला आधी मरावे लागते, निदान मेल्याचे सोंग तरी घ्यावे लागते. भुतापेक्षा भयावह असे या चित्रपटात काही असेल, तर ते हेच होय.

ध्वनिमुद्रिकेचा इतिहासही येथे लक्षात घ्यावा. ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी प्रथम निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. लता मंगेशकरांचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचला तो भुताच्या नावाने. कथेत आशा जशी कामिनीच्या आड राहते, तशीच येथे गायिका पात्राच्या आड राहिली.

याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैदराबाद राज्यात जहागिरी रद्द झाल्या. औरंगाबाद व त्यालगतचे हर्सूल तेव्हा याच राज्यात होते. यमुनाकाठच्या महालाचा आणि मराठवाड्यातील या घटनेचा कार्यकारणसंबंध जोडण्याचा येथे हेतू नाही. परंतु पडक्या गढ्या आणि त्यांभोवतीच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठवाड्यातील प्रेक्षकाला एक प्रश्न सहज सुचतो. मालक गेल्यावर वास्तू कोणाची? कागदपत्रांत नाव असलेल्याची, की तिच्यात दिवा लावणाऱ्याची?

चित्रपट हा प्रश्न उभा करतो आणि त्याला बगल देतो. देहान्ताची शिक्षा झालेला हरिशंकर आशाचा हात मित्र श्रीनाथच्या हाती देतो. रंजनाचे पत्र हाती आल्याने तो सुटतो, पण परततो तेव्हा उशीर झालेला असतो, आणि तो प्राण सोडतो. शोकान्त त्याचा ठरतो. आशाला काय हवे होते हे जबानीत एकदा नोंदवले जाते आणि पुन्हा कोणी विचारीत नाही. रंजनाची व्यथाही आधी खटल्यातील पुरावा व मग सुटकेचे साधन एवढीच उरते. तेव्हा ‘महल’ची उणीव उलगडा केल्यात नाही, उलगड्यातून जी स्त्री समोर आली तिच्याकडे पाठ फिरविल्यात आहे. वातावरणाचीच वाखाणणी करीत राहिलेल्या आपल्या समीक्षेनेही तेच केले, हे मान्य करावयास हवे.