व्हान्यामामाचा जमाखर्च

चेकॉव्ह यांचें ‘अंकल व्हान्या’ हें नाटक मराठींत ‘व्हान्यामामा’ या नांवानेंच ओळखलें पाहिजे. व्हान्या हा सोनियाच्या दिवंगत आईचा भाऊ. आणि या नात्यांतच नाटकाचें मर्म आहे.

१८९७ सालीं प्रसिद्ध झालेलें हें चार अंकी नाटक १८९९ सालीं मॉस्को आर्ट थिएटरनें रंगभूमीवर आणलें. बहिणीच्या हुंड्यासाठीं जमीन घेतली जावी म्हणून व्हान्यानें आपला वारसाहक्क सोडला, १० वर्षें राबून २५,००० रुबलांचें कर्ज फेडलें, आणि २५ वर्षें कारभार पाहून उत्पन्न मेहुण्यास, प्रोफेसर सेरेब्रियाकॉव्ह यास, धाडलें. तिसऱ्या अंकांत हाच प्रोफेसर सांगतो, कीं जमीन शेंकडा २ हून अधिक देत नाहीं; ती विकून रोखे घेतल्यास शेंकडा ४-५ सुटतील. व्हान्या पिस्तूल झाडतो. नेम दोन्ही वेळां चुकतो.

प्रोफेसरास खलपुरुष ठरवून मोकळें होणें सोपें आहे. परंतु व्हान्यानें देतांना कधीं मोजलें नाहीं, आणि मोजूं लागला तेव्हां आपण शोपेनहॉर किंवा दोस्तोव्हस्की झालों असतों, असें बोलून बसला. या आक्रोशास चेकॉव्ह आपणांस हंसूं देतात, तरी तो खोटा ठरवीत नाहींत. अधिक बोंचतें तें निराळेंच. जमीन कायद्यानें सोनियाची. हरकत निघतांच प्रोफेसर तिच्या संमतीची भाषा करतो. बेत मात्र तिला न विचारतांच आंखलेला असतो.

मुळशी तालुक्यांतील सूस गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलें. शहर शिवाराला भिडलें, कीं जमीन चौरस फुटांनीं मोजली जाते आणि घरोघरीं जुना हिशेब निघतो: राबला कोण, शिकला कोण, सही कोणाची? तेथील वाचकास तिसरा अंक परका वाटणार नाहीं. भेद एवढाच, कीं रशियांत भावानें बहिणीसाठीं हक्क सोडला. आपल्याकडे २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु कुटुंबांतील मुलीस वडिलोपार्जित मिळकतींत समान हक्क दिल्यावरही हक्कसोडपत्रावर सही बहुधा बहिणीची असते.

शेवटीं विक्री टळते, उत्पन्न पूर्ववत् धाडण्याचें ठरतें, आणि मामा-भाची वही उघडतात. तेल-धान्याची नोंद होते. सरलेल्या आयुष्यासाठीं त्या वहींत रकाना नाहीं. सोनिया मामाला विसांव्याचा धीर देते, तोही मरणानंतरच्या. ज्या घरांत एकजण मुकाट्यानें राबत आहे, त्या घरानें हें नाटक अवश्य वाचावें. आणि वांटणीचे कागद होण्यापूर्वीं वाचावें.