निकालाच्या तक्त्याबाहेरची शाळा

एकाच शिक्षणसंस्थेच्या माध्यमिक शाळांची तुलना हा संस्थांच्या वार्षिक अहवालांचा व स्मरणिकांचा आवडता विषय आहे. डाव्या रकान्यात शाळांची नावे, उजव्या रकान्यात दहावीच्या निकालाची टक्केवारी आणि खाली शंभर टक्के निकाल लावणाऱ्या मुख्याध्यापकांचे अभिनंदन, असे या लेखनाचे स्वरूप असते. त्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. ते व्हावे असे आम्हांस वाटते, कारण पालक याच तक्त्यावरून शाळेची पारख करतात.

या तुलनेमागील युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. संस्था एक, सेवाज्येष्ठतेची यादी एक, अभ्यासक्रम एक. तेव्हा निकालात पडणारा फरक शाळेच्या कर्तृत्वाचाच! भोर आणि वेल्हे या शेजारी तालुक्यांत मात्र तो टिकत नाही. भोर ही पंतसचिवांची राजधानी. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, तरी राजा रघुनाथराव विद्यालयाच्या नावात त्याची खूण आहे. बाजारपेठ, कचेऱ्या, एस.टी. स्थानक हे सारे तेथील विद्यार्थ्याच्या पायाशी. उलट वेल्हे (आता राजगड तालुका) म्हणजे तोरणा-राजगडाच्या कुशीतील विखुरलेल्या वाड्या आणि पानशेत, वरसगाव, गुंजवणी ही धरणे. २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती. वेल्ह्याची जेमतेम ५४ हजार. ग्रामीण मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो खरा, पण भर पावसात गाडीच वर चढली नाही तर तो पास दप्तरातच राहायचा.

टक्केवारीचे गणितही पाहावे. वाडीवरच्या शाळेतून सोळा मुले परीक्षेस बसली आणि एक नापास झाले, तर निकाल ९३.७५ वर येतो. तालुक्याच्या गावी दोनशे मुलांच्या शाळेत त्याच एका मुलाचे वजन अर्धा टक्का! शिवाय मोजपट्टीही स्थिर नाही. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. भाषा व सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकताच २०१९ मध्ये तो ७७.१० वर घसरला, आणि ते गुण परत येताच २०२० मध्ये ९५.३० वर चढला. शाळा त्याच होत्या, शिक्षकही बहुतांशी तेच.

याहून गंभीर दोष निराळाच आहे. नववीतील कच्च्या मुलाला ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सुचविले जाते. ते मूल मग बाहेरून परीक्षेला बसते. नापास झाले तरी शाळेच्या निकालाला ओरखडा पडत नाही. असे अनेक शंभर टक्के निकाल या वाटेने आलेले असतात, हे शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असते. आमच्या धर्मग्रामांतील पालकही, मिशनच्या शाळेत प्रवेश घेताना, प्रथम निकालच विचारतात. तेव्हा हा दोष केवळ दुसऱ्यांचा आहे असे आम्ही म्हणणार नाही.

आमच्या मते तक्त्यात एक रकाना वाढवावा : आठवीत दाखल झालेल्यांपैकी किती मुले त्याच शाळेतून दहावीस बसली? स्थलांतराने गेलेली, लग्न लावून दिलेली, सतरा नंबरकडे वळविलेली मुले त्यात दिसतील. मग वेल्ह्याच्या एखाद्या शाळेचा ८० टक्के निकाल भोरच्या शंभराहून अधिक श्रमाचा ठरेल. कदाचित उलटेही घडेल. आम्ही आजवर चाळलेल्या अहवालांत हा रकाना आम्हांस कोठे आढळला नाही.