चेहऱ्यांवर तगलेला थरारपट

डोळखांबसारख्या गावात जुना मराठी सिनेमा आता पोहोचतो तो मोबाईलवर. एवढ्याशा पडद्यावर रात्रीची दृश्यं काळीठिक्कर होतात, आवाज फाटतो आणि शेवटी लक्ष राहतं ते नटांच्या चेहऱ्यांवर. राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' (१९८६) अशा अवस्थेतही धरून ठेवतो, कारण त्याची खरी ताकद नटसंचात आहे.

कथेत रहस्य जवळपास नाहीच. ती ज्यावर बेतली आहे ते पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड महाराष्ट्राला तोंडपाठ होतं. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. गुन्हेगार निघाले कमर्शियल आर्ट शिकणारे तरुण. चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या या चित्रपटात 'कोणी केलं' हा प्रश्नच शिल्लक नव्हता. 'शेजारी राहणारी पोरं असं करतात तेव्हा कशी दिसतात', एवढंच दाखवायचं होतं आणि ते काम नटांचं होतं.

टोळीचा म्होरक्या झालेला नाना पाटेकर स्वतः जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकलेला. त्या कॉलेजातली मित्रांची टोळकी, कट्ट्यावरची दादागिरी त्याला आतून ठाऊक असणार, असं त्याच्याकडे पाहताना सारखं वाटतं. त्याच वर्षी 'अंकुश'मध्येही तो रिकामटेकड्या तरुणांच्या टोळक्यात होता. तिथली धुमसती नजर प्रेक्षकाला आपलीशी वाटली, इथे तीच नजर अंगावर येते. दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहावेत. एकच नट राग आणि क्रौर्य किती जवळ आणून ठेवतो ते कळतं. सोबत मोहन गोखले आणि अविनाश खर्शीकर. गोखले पुढे 'मिस्टर योगी'मुळे घराघरात पोहोचले, तर खर्शीकर म्हणजे विनोदी नाटकांतला देखणा, हवाहवासा नट. असे ओळखीचे, घरात सहज घेतले जातील असे चेहरे या कथेत घेणं हा मला सर्वांत धारदार निर्णय वाटतो.

चित्रपटाची मांडणी आज ढोबळ वाटते, काही संवाद रंगमंचावरून थेट उतरल्यासारखे. तरी मी त्याला हल्लीच्या अनेक थरारपटांपेक्षा वर ठेवीन. आता सगळी मेहनत शेवटच्या कलाटणीवर होते. कलाटणी एकदा कळली की दुसऱ्यांदा पाहायला काही उरत नाही. टोळीतली आपसातली भीती, कोण कोणाला घाबरतो, कोण नुसता ओढला जातो, हे लिहायला आणि साकारायला वेळच दिला जात नाही. याच प्रकरणाची छाया असलेला अनुराग कश्यपचा 'पांच' वर्षानुवर्षं अडकून पडला, पण के. के. मेनन आणि बाकीच्यांनी ते नातं नेमकं पकडलं होतं. श्रीराम राघवन यांच्या 'रमन राघव'मध्ये (१९९१) रघुवीर यादव तर एकटा पुरतो.

मोहन गोखले १९९९ मध्ये गेले, खर्शीकर २०२० मध्ये. त्यांचं हे काम स्वच्छ, नीट उजळलेल्या प्रतीत पाहायला मिळालं पाहिजे.