एक टक्क्याचा हिशेब

१.०१ चा ३६५वा घात काढला तर उत्तर येतं ३७.७८. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून बघता येईल. जेम्स क्लिअर यांच्या 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' (२०१८) या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात हे गणित आहे. रोज एक टक्का सुधारलात तर वर्षअखेरीस तुम्ही ३७ पट चांगले व्हाल; रोज एक टक्का घसरलात तर जवळजवळ शून्यावर याल. सोबत आलेखही आहे. एक रेघ सुरुवातीला जमिनीलगत सरपटते आणि मग आकाशाकडे उसळते.

माझ्या पिढीतल्या किती जणांनी हा आलेख स्टेटसला ठेवला असेल, याची मोजदाद नाही. हे पुस्तक आता इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलपासून ऑफिसच्या 'वेलनेस वीक'पर्यंत सगळीकडे भेटतं. वजन, साखर, झोप, सिगरेट, काहीही बदलायचं असेल तर लोक आधी हेच सुचवतात. म्हणून ते फक्त प्रेरणादायी पुस्तक म्हणून सोडून देता येत नाही. आरोग्याच्या सवयी कशा बदलतात याबद्दलचं आपलं सर्वसाधारण ज्ञान आज बऱ्याच अंशी या पुस्तकातून येतं. ते ज्ञान कितपत खरं आहे, हे तपासायला हवं.

गणितापासूनच सुरू करू. चक्रवाढ वाढते, कारण आजचं व्याज उद्याच्या मुद्दलात जमा होतं. आज मी दहा मिनिटं चाललो, तर उद्याच्या चालण्यात ती मिनिटं जमा होत नाहीत. ३७ पट हे शब्दशः घेतलं तर वर्षाच्या शेवटी मला रोज सहा तासांहून जास्त चालावं लागेल. यावर कोणी म्हणेल, अरे, ते रूपक आहे, इतकं काय मनावर घेतोस! ठीक आहे, रूपकच. पण रूपक अपेक्षा ठरवतं. हे रूपक सांगतं की फळ उशिरा मिळतं, पण अफाट मिळतं. तोवर धीर धरा. मग सहा महिन्यांनी काही दिसलं नाही तर? पुस्तकाचं उत्तर तयार आहे: बर्फ वितळायला ठरावीक तापमान लागतं, तुम्ही अजून तिथवर पोचला नसाल. म्हणजे यश आलं तर पद्धत बरोबर, नाही आलं तर तुम्ही थोडक्यात थांबलात. कोड रिव्ह्यूला असा युक्तिवाद आला असता तर आम्ही विचारलं असतं, हे चुकलंय हे कळणार कधी?

मोजून पाहिलेला आलेख वेगळा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना एकेक साधी गोष्ट निवडायला सांगितली, उदाहरणार्थ जेवणासोबत फळ खाणं किंवा जेवणाआधी पळणं. ती रोज एकाच प्रसंगी करायची आणि किती आपसूक झाली ते नोंदवायचं. ८४ दिवस. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासातली रेघ आधी भराभर चढते, मग तिचा चढ कमी होत जातो आणि शेवटी ती सपाट होते. सुरुवातीची पुनरावृत्ती सगळ्यात जास्त कामाची, नंतरची कमी कमी. चक्रवाढीच्या नेमकं उलट! '२१ दिवसांत सवय' या समजुतीच्या जागी हल्ली जो '६६ दिवस' हा आकडा फिरतो, तो इथलाच मध्यक आहे. तोही ज्या ३९ जणांच्या नोंदी या रेघेवर नीट बसल्या त्यांच्यापुरता. त्यांच्यातला पल्ला १८ ते २५४ दिवसांचा होता. अभ्यास ८४ दिवसांचा, मग २५४ कुठून आले? रेघ पुढे वाढवून केलेला तो अंदाज आहे.

गंमत म्हणजे हा सपाट होत जाणारा आलेख खुद्द क्लिअर यांच्या पुस्तकातही आहे. पुढच्या एका प्रकरणात रोज दहा मिनिटं चालण्याच्या सवयीचा वक्र दिला आहे. आकाशाकडे उसळणारी रेघ आणि माथ्यावर सपाट होणारी रेघ एकाच पुस्तकात राहतात, पण त्यांची गाठ कुठेच घालून दिलेली नाही. स्टेटसला अर्थातच पहिली जाते.

आता पुस्तकातली उदाहरणं पाहू. क्लिअर गोष्ट छान सांगतात आणि त्यांची बहुतेक उदाहरणं खऱ्या संशोधनातून आलेली आहेत. ती रचलेली नाहीत. पण कोणता तपशील ठेवला आणि कोणता गाळला, हे पाहण्यासारखं आहे.

कराचीचं उदाहरण घ्या. स्टीफन लूबी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब वस्त्यांत हात धुण्याचा प्रयोग केला. २००५ साली त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. लहान मुलांमधले जुलाब आणि न्यूमोनिया जवळपास निम्म्याने कमी झाले. क्लिअर यातून धडा काढतात की साबणाला छान फेस येत होता, वास चांगला होता, हात धुणं सुखद झालं, म्हणून सवय लागली. प्रयोगात मात्र साबण कुटुंबांना फुकट मिळत होता, आणि कार्यकर्ते वर्षभर आठवड्याला घरी येऊन हात कधी आणि कसे धुवायचे ते समजावत होते. वासाचा वाटा असेलही. पण दर आठवड्याला दार वाजवणारं माणूस आणि न संपणारी वडी बाजूला ठेवून सुगंधाला श्रेय देणं म्हणजे लग्न पार पडलं ते मांडवाच्या फुलांमुळे असं म्हणण्यासारखं आहे.

दुसरं उदाहरण बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या कॅन्टीनचं. अ‍ॅन थॉर्नडाइक या डॉक्टरांनी तिथे कोणालाही उपदेश न करता मांडणी बदलली. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोर पाणी आलं, जेवणाच्या काउंटरजवळ पाण्याच्या बाटल्यांच्या टोपल्या आल्या. तीन महिन्यांत सोड्याची विक्री ११.४ टक्क्यांनी घटली आणि पाण्याची २५.८ टक्क्यांनी वाढली. हे उदाहरण मला फार आवडतं. पण क्लिअर तिथून लगेच वळतात ते 'तुमच्या घराची मांडणी तुम्ही बदला' इकडे. कॅन्टीन कोणी बदललं? खाणाऱ्यांनी नाही. ज्यांच्या हातात कॅन्टीन होतं त्यांनी. या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे, आणि पुस्तक ती ओलांडून पुढे जातं.

तिसरं उदाहरण ब्रिटनमधलं. २४८ जणांपैकी ज्यांनी 'अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी व्यायाम करीन' असं लिहून काढलं, त्यांच्यातल्या ९१ टक्के लोकांनी व्यायाम केला. बाकीच्या दोन गटांत हे प्रमाण ३५ ते ३८ टक्के होतं. हा २००२ सालचा अभ्यास खरा आहे आणि त्यामागची पीटर गोलवित्झर यांची कल्पना आरोग्य-मानसशास्त्रातल्या भरवशाच्या कल्पनांपैकी एक आहे. फक्त हे सगळे कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि मोजलं होतं ते आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम झाला का, एवढंच. विद्यार्थ्याला 'गुरुवारी संध्याकाळी सहा' असं लिहिता येतं, कारण गुरुवारची संध्याकाळ त्याची असते.

सगळ्यांची नसते. माझे एक मामा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतात. एक आठवडा सकाळची, पुढचा दुपारची, मग रात्रीची. दोन वर्षांपूर्वी त्यांची साखर काठावर आली. डॉक्टर म्हणाले, जेवणाच्या वेळा सांभाळा, रोज चाला. मामेबहिणीने त्यांना हे पुस्तक दिलं आणि त्यांनी ते मन लावून वाचलं. क्लिअर यांचं सूत्र आहे की नवी सवय जुन्या सवयीला जोडा: सकाळच्या चहानंतर चाला. मामांचा सकाळचा चहा तिसऱ्या आठवड्यात झोपेच्या आधी येतो. कारखान्याच्या कॅन्टीनमधला चहा यंत्रातून येतो, त्यात साखर आधीच घातलेली असते. चार महिन्यांनी चालणं सुटलं, तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "माझ्यातच खोट आहे रे, पुस्तकात तर सगळं सोपं करून सांगितलंय."

हे वाक्य मला पुस्तकाच्या कोणत्याही चुकीपेक्षा गंभीर वाटतं. 'सोपं आहे' असं सांगितलेलं जमलं नाही, की माणूस स्वतःलाच नापास करतो. आणि असे काठावरचे लोक थोडे नाहीत. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार, जिचे निष्कर्ष २०२३ साली आले, भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आरोग्य-मानसशास्त्राकडे मामांच्या परिस्थितीसाठी जास्त चांगली भाषा आहे. सुझन मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली वर्तनबदलाच्या १९ चौकटी तपासून एक साधी मांडणी केली. कोणतंही वर्तन घडायला तीन गोष्टी लागतात: क्षमता, संधी आणि प्रेरणा. क्षमता म्हणजे जमणं आणि कळणं. संधी म्हणजे वेळ, जागा, पैसा, आजूबाजूचे लोक. प्रेरणेत ठरवलेले हेतूही येतात आणि आपसूक घडणाऱ्या सवयीही. या तक्त्यात 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' ठेवून पाहा. त्यातलं बहुतेक सगळं तिसऱ्या खणात बसतं. संधीचा खण येतो तो फक्त आपल्या टेबलापुरता, आपल्या फ्रिजपुरता. मामांचं चालणं मात्र तिथे अडलेलं नाही. ते अडलंय पाळीच्या वेळापत्रकात.

मग काय चालतं? दोन मोठे प्रयोग सांगतो. पहिला अमेरिकेतला, मधुमेह प्रतिबंधाचा, २००२ साली प्रसिद्ध झालेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक. एका गटाला वजन ७ टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलं. पण नुसतं लक्ष्य देऊन सोडलं नाही. पहिल्या २४ आठवड्यांत प्रत्येकाशी समोरासमोर १६ बैठका झाल्या, नंतरही संपर्क राहिला. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं; मेटफॉर्मिनच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी कमी झालं होतं. आता खरा तपशील. २४ आठवड्यांनंतर निम्म्या लोकांनी वजनाचं लक्ष्य गाठलं होतं. अभ्यासाच्या शेवटच्या भेटीपर्यंत हे प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं. म्हणजे रेघ चढली आणि मग थोडी उतरली. तरीही ५८ टक्के! ३७ पट वगैरे कोणीच झालं नाही. सरासरी वजन घटलं ५.६ किलो. तेवढ्यावर हजारो लोकांचं भवितव्य बदललं.

दुसरा प्रयोग आपल्याकडचा. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या कंपन्यांमधल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. सगळेच उंबरठ्यावरचे. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना दिला. निम्म्यांना त्याशिवाय दोन वर्षं मोबाइलवर छोटे मेसेज पाठवले. मेसेज सरसकट एकच नव्हते. माणूस बदलाच्या कोणत्या टप्प्यावर आहे, अजून विचारच करतोय की सुरुवात केलीय, त्यानुसार मजकूर ठरत होता. दोन वर्षांनी मेसेज न मिळालेल्या गटात २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, मेसेज मिळालेल्यांत १८ टक्के. साधा एसएमएस. ना आलेख, ना बॅज, ना साखळी तुटल्याची भीती. आम्ही अ‍ॅप बनवणारे लोक स्ट्रीकमागे जितका वेळ घालवतो, त्याच्या तुलनेत हा निकाल मान खाली घालायला लावणारा आहे. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही, हेही लाली यांच्या अभ्यासात दिसलं होतं. स्ट्रीक मात्र एका चुकलेल्या दिवसाला शून्यावर नेते.

दोन्ही प्रयोगांत एक गोष्ट समान आहे. कोणीतरी बाहेरून, दीर्घकाळ, माणसाच्या परिस्थितीकडे बघून त्याच्यासोबत राहिलं. कराचीतही तेच झालं होतं. 'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स'मध्ये हा दुसरा माणूस फारसा नाही. समाज येतो, पण 'तुम्हाला हवं तसं वागणारा गट शोधा' एवढ्यापुरता. तो शोधणंही पुन्हा तुमच्यावरच.

तर पुस्तक वाचू नये का? वाचावं. कधी-कुठे-काय ते लिहून ठेवणं, नको ती गोष्ट नजरेआड ठेवणं, सुरुवात लहान करणं, हे सल्ले चांगले आहेत आणि ज्याचा दिवस त्याच्या हातात आहे त्याच्या उपयोगाचे आहेत. पहिल्या प्रकरणातला आलेख मात्र बाजूला ठेवावा. त्याऐवजी ती चढून थोडी उतरलेली रेघ लक्षात ठेवावी. आणि एखादी सवय सुटली की स्वतःला दोष देण्याआधी मिची यांचे तीन प्रश्न विचारावेत: मला हे जमतं का, मला याची संधी आहे का, मला हे हवंय का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर ते बदलायला डायरी पुरणार नाही. त्यासाठी कॅन्टीन चालवणाऱ्याशी, पाळ्या लावणाऱ्याशी बोलावं लागेल, आणि बहुधा एकट्याने नाही.

मामांच्या कारखान्यात काही जणांनी मिळून बिनसाखरेच्या चहाचं वेगळं बटण मागितलं आहे. अर्ज दिलाय, उत्तर आलेलं नाही. चालण्याचं अजून ठरत नाहीये. पण "खोट माझ्यातच" हे त्यांच्या तोंडून मी अलीकडे ऐकलेलं नाही.