दुनळीवरचं हरीण आणि पोटाखालचे ठसे

मंडळी, अलंकार आणि उपयोग यांच्या नात्यावर बोलायचं तर देवळाचं शिखर किंवा पैठणीचा पदर घेणं सोपं असतं. आज आम्ही मुद्दाम अवघड वस्तू घेतली आहे. पडद्यावर दिसतेय ती जर्मन बनावटीची, शिकारीची, छऱ्याची दुनळी. शिरूर आणि दौंडचे श्रोते आज बरेच आहेत. त्यांच्या गावांपर्यंतही आम्ही येणार आहोत, जरा वळसा घेऊन.

आधी नुसतं बघू. ही बंदूक सुल गावची. सुल म्हणजे थुरिंगियातलं डोंगरातलं गाव, लोखंड आणि लाकूड दोन्ही हाताशी. सावर, मर्केल, सिमसन ही बंदूककारांची घराणी तिथलीच; सावर तर 1751 पासूनचं. बोअर सोळाचं. एक पौंड शिशाच्या सोळा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक जेमतेम मावेल एवढी नळी. आपल्याकडे बारा बोअर जास्त, जर्मन शिकाऱ्यांचा मात्र सोळावर फार जीव. नळ्या जिथं मोडतात तिथली पोलादी पेटी पाहा. डाव्या अंगाला ओकच्या पानांत मान वर केलेलं सांबरासारखं जनावर, उजव्या अंगाला कुत्रं आणि पाण्यावरून उठणारी बदकं. भोवतालचं पोलाद खोल कोरून काढलंय, म्हणून जनावरं वर उठून येतात. इंग्रज कारागीर बारीक वेलबुट्टी आणि गुलाब काढून थांबतात. जर्मन कारागिराला गोष्ट सांगायची असते.

आता टीकाकारानं विचारायचा प्रश्न. या गोष्टीत काय नाही? रक्त नाही. जनावर मरणाच्या क्षणभर आधी थांबवलेलं आहे. बंदूक ज्या कामासाठी आहे ते काम सोडून बाकी सगळं तिच्यावर कोरलंय.

कांटनं 1790 च्या ग्रंथात सौंदर्याचे दोन प्रकार केले, मुक्त आणि अवलंबून. फूल सुंदर दिसायला ते कशासाठी आहे हे कळावं लागत नाही. इमारतीचं, घोड्याचं तसं नाही. तिथं 'ही वस्तू कशासाठी' हा विचार सौंदर्याला चिकटलेलाच असतो. बंदूक सरळ दुसऱ्या खान्यातली. पण नक्षीकाराची हुशारी अशी की तो तिला पहिल्या खान्यात सरकवतो. आपण हरीण बघतो, चाप विसरतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयातले अडकित्ते आठवा. मोर, घोडा, माणसाची जोडी, काय काय आहे! पण पातं उघडलं की ते सुपारी फोडतं हे कोणी लपवत नाही. कित्येकदा आकारच त्या फोडण्यावर बेतलेला असतो. आमच्या मते कारागिरी म्हणून ही दुनळी अव्वल आहे, आणि कलाकृती म्हणून अडकित्ता तिच्यापेक्षा खरा आहे. पटलं नाही तर भांडा, वेळ ठेवलाय.

पण आमचा खरा मुद्दा वेगळाच आहे. बंदूक मोडून उलटी करा. नळ्यांच्या खाली, जिथं कोणी नक्षी काढत नाही, तिथं चाचणीचे ठसे असतात. 1891 च्या जर्मन कायद्यानं प्रत्येक नळीची चाचणी सक्तीची केली. मुकुट आणि खाली 'यू' म्हणजे तपासणी झाली. मुकुट आणि 'डब्ल्यू' म्हणजे नळी तोंडाशी आवळलेली. 1939 च्या नव्या कायद्यानंतर मुकुट जाऊन गरुड येतो. पुष्कळदा चाचणीचा महिना आणि सालही मिळतं. म्हणजे वर कादंबरी, खाली दप्तर.

आणि नळ्यांमधल्या पट्टीवर असतं बनवणाऱ्याचं नाव. सिमसनचंच घ्या. हे ज्यू घराणं. कारखाना 1856 चा. पहिल्या महायुद्धानंतर, व्हर्सायच्या तहाची बंधनं असताना, जर्मन सैन्याला शस्त्रं पुरवायची परवानगी ज्या मोजक्यांना होती, त्यांत हे होते. नाझी सत्तेवर आले. थुरिंगियाचा पक्षप्रमुख फ्रिट्झ साउकेल यानं जादा नफा उकळल्याचा आरोप लावून 1935-36 मध्ये कारखाना हिसकावला. घराणं स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेला पळालं. पट्टीवर 'सिमसन' ऐवजी 'बीएसडब्ल्यू' ही नवी अक्षरं आली. जंगल तेच, ओकची पानं तीच! हरणाला काही कळलंच नाही.

नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंना कसलंही हत्यार बाळगायला बंदी झाली. असेल ते द्यायचं, भरपाई नाही. त्याच काळात ग्योरिंग राइखचा मुख्य शिकारी म्हणून मिरवत होता. मग एप्रिल 1945 मध्ये अमेरिकन सैन्य सुलला पोचलं, जुलैत गाव सोव्हिएत ताब्यात गेलं. जर्मन नागरिकांना घरातली हत्यारं जमा करावी लागली आणि त्यांतल्या देखण्या दुनळ्या सैनिकांच्या सामानातून परदेशी गेल्या. आज विक्रीच्या याद्यांत अशा बंदुकीपुढे 'युद्धकाळाचा इतिहास असलेली' असं लिहितात आणि किंमत चढते. हा इतिहास बहुधा घेणाऱ्यापासून सुरू होतो. ज्याच्याकडून घेतली त्याला त्यात नावही नसतं.

हे सगळं लांबचं वाटेल. मग शिरूरकडे या. घोडनदीकाठी इंग्रजांची छावणी होती आणि 1817 साली उभा राहिलेला 'पूना हॉर्स' हा रिसाला तिथं बराच काळ होता. त्याच रिसाल्यातला फ्रँक डी पास नोव्हेंबर 1914 मध्ये फ्रान्समध्ये जर्मनांशी लढताना पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोही ज्यू. पुढे सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि हिंदुस्थानातल्या जर्मन पुरुषांना धरून तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत डांबलं. पुण्याकडून नगरला जायच्या वाटा दोन, शिरूरवरून सडक आणि दौंडवरून रेल्वे. त्या छावणीत नाझी पक्षाचे सभासद होते आणि हिटलरच्या भीतीनं पळून आलेले ज्यू निर्वासितही होते. सरकारी कागदावर दोघंही जर्मन, म्हणून दोघंही शत्रू! निर्वासितांपैकी बरेच जण चौकशीनंतर सुटले. जर्मनांची मालमत्ता मात्र 'शत्रूची मालमत्ता' म्हणून सरकारी ताब्यात जात होती.

म्हणून एखाद्या वाड्यातून विलायती दुनळी निघाली आणि 'साहेबानं खूश होऊन दिली' असं सांगितलं गेलं, की आम्ही विचारतो, कोणत्या साहेबानं, आणि त्याची होती का? कथा गोड असते, पण हत्याराला 1878 च्या कायद्यापासून परवाना लागत आलाय. परवान्यावर नाव असतं, क्रमांक असतो. आजही निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा होतात आणि हवालदार क्रमांक टिपतो. समीक्षक म्हणून आमचा भरवसा घरातल्या कथेपेक्षा त्या नोंदवहीवर जास्त आहे. हसू नका, खरंच सांगतोय.

तर शिरूर-दौंडकडच्या कोणाच्या घरी परवान्यावर अशी दुनळी असेल, तर परवानाधारकानंच ती रिकामी असल्याची खात्री करून, मोडून, नळ्यांखालच्या ठशांचा आणि पट्टीवरच्या नावाचा फोटो आम्हाला पाठवावा. हरणाचे फोटो नकोत. ते आमच्याकडे पुष्कळ आहेत.